टॅबलेटमधले फोटो संगणकावर उतरवले, तरी ‘जागा शिल्लक नाही’ हे पुन्हापुन्हा का येते?

टॅबलेटवर ‘स्टोरेज भरले आहे’ अशी पाटी झळकली की बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. कोणीतरी घाईने केबल शोधते, टॅबलेट संगणकाला लावते, सगळे फोटो एका फोल्डरात ओतते आणि टॅबलेटवरचे त्यातले काही पुसून टाकते. चार महिन्यांनी तीच पाटी पुन्हा येते. या वेळी सोबत आणखी एक प्रश्न असतो: यातले कोणते फोटो मागच्या वेळी उतरवले होते? कोणालाच आठवत नाही. मग सगळेच पुन्हा उतरवायचे. संगणकात ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर २’, ‘टॅब फोटो सगळे’ अशी रांग लागते. नक्की काय कुठे आहे हे कळत नसल्याने टॅबलेटवरचे पुसायचा धीर होत नाही, म्हणून थोडेच पुसले जातात आणि महिन्याभरात जागा पुन्हा संपते.

कॉपी करणे हे यातले अवघड काम नव्हे. अडते ते दोन ठिकाणी. कुठपर्यंतचे फोटो उतरवून झाले याची खूण कोणी ठेवत नाही, आणि उतरलेले फोटो शाबूत आहेत का हे पुसण्याआधी कोणी बघत नाही. या दोन गोष्टी जमल्या की बाकीच्या अडचणींना बहुधा साधे उपाय आहेत.

हे मी नुकसान सोसून शिकले. आईचा जुना टॅबलेट मंदावला म्हणून नवा घेतला होता. जुन्यातले फोटो मी ‘आई’ नावाच्या एका फोल्डरात आधीच ठेवले होते. वर्षभराने नव्या टॅबलेटमधले फोटो त्याच फोल्डरात टाकायला घेतले, तेव्हा संगणकाने विचारले, की या नावाच्या फाइली इथे आहेत, त्यांच्यावर नव्या लिहू की या वगळू? मला वाटले, हे आधी उतरवलेलेच फोटो असणार. मी ‘वगळा’ निवडले आणि टॅबलेट रिकामा केला. नव्या टॅबलेटने फोटोंचे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू केले होते, हे माझ्या लक्षातच आले नाही. नावे तीच होती, फोटो वेगळे होते. पाच महिन्यांनी बाबांचा एक फोटो शोधायला गेले, तेव्हा त्यांच्या शेवटच्या वर्षातले शंभराहून जास्त फोटो कुठेच नाहीत हे कळले. ट्रॅशची, म्हणजे पुसलेले फोटो काही दिवस राहतात त्या कचरापेटीची, मुदत केव्हाच उलटून गेली होती. म्हणून पुढचे सगळे जरा तपशिलात लिहिते आहे.

केबल लावण्याआधी: जागा नक्की कोणी व्यापली?

सेटिंग्जमध्ये स्टोरेजचे पान उघडा. अँड्रॉइड असो वा आयपॅड, कोणत्या प्रकारच्या फाइलींनी किती जागा घेतली ते तिथे दिसते. लोक सरसकट फोटोंना दोष देतात, पण बऱ्याचदा खरा भार व्हिडिओंचा असतो. फोर-के दर्जाचा, सेकंदाला ३० चौकटींचा व्हिडिओ कमी जागा घेणाऱ्या आधुनिक स्वरूपातही मिनिटाला साधारण १७० एमबी घेतो, असे आयपॅडच्या कॅमेरा सेटिंग्जमध्येच लिहिलेले असते. म्हणजे दहा मिनिटांना १.७ जीबी. एक फोटो ३ एमबीचा धरला, तर एवढ्या जागेत साडेपाचशे फोटो मावतात. म्हणून जागेची निकड असेल तर आधी व्हिडिओ उतरवा. फाइली थोड्या असतात, तपासायला सोप्या जातात आणि जागा भराभर मोकळी होते.

दुसरी जागा व्हॉट्सॲपची. अँड्रॉइड ११ पासून त्याचे फोटो ‘अँड्रॉइड’ फोल्डरातल्या ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरात असतात, कॅमेऱ्याच्या फोल्डरात नव्हे. ‘व्हॉट्सॲप इमेजेस’च्या आत ‘सेंट’ नावाचा आणखी एक फोल्डर असतो. आपण पाठवलेल्या फोटोंच्या प्रती तिथे साठत जातात. मूळ फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरात असेलच तर ही दुसरी प्रत आहे.

तिसरी जागा कचरापेटीची. तिच्याबद्दल पुढे सविस्तर येईल, पण आत्ता टॅबलेट अगदी गच्च भरला असेल तर ती आधी उघडून बघा. पूर्ण भरलेला टॅबलेट धड कामच करत नाही. काही फोटो संगणकाकडे जाताना त्यांचे रूपांतर होते आणि त्यासाठीही त्याला थोडी मोकळी जागा लागते. कचरापेटीत नको असलेलेच फोटो आहेत याची खात्री करून ती रिकामी केली, तर पुढचे काम सुरळीत होते.

संगणकाला टॅबलेट दिसतच नाही

टॅबलेट चार्ज होतो पण संगणकावर काहीच उमटत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. पहिला संशय केबलवर घ्या. साध्या यूएसबी केबलमध्ये दोन तारा विजेसाठी आणि दोन माहितीसाठी असतात. काही केबलींमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून त्या अगदी सारख्या दिसतात, चार्जिंगही नीट होते, पण फोटो जाणे शक्यच नसते. टॅबलेटसोबत आलेली केबल लावून बघा. मधला यूएसबी हब काढा आणि केबल थेट संगणकाला जोडा. एकदा चालणारी केबल सापडली की तिला रंगीत दोरा बांधून ठेवा. मी लाल बांधला आहे, आणि तेव्हापासून हा शोध पुन्हा करावा लागलेला नाही.

केबल चांगली असेल तर टॅबलेटचे कुलूप उघडा. स्क्रीन बंद असताना जोडलेला टॅबलेट संगणकाला एकतर दिसत नाही किंवा रिकामा दिसतो. अँड्रॉइडवर वरून सूचनापट्टी खाली ओढली की यूएसबीबद्दलची एक सूचना सापडते. अँड्रॉइड ६ पासून टॅबलेट जोडला की तो आपणहून फक्त चार्जिंग करतो. त्या सूचनेवर टिचकी मारून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे लागते, आणि बहुतेक टॅबलेटांवर दर वेळी निवडावे लागते. मागच्या वेळी चाललेले या वेळी चालत नाही, असे वाटण्याचे कारण बहुधा हेच असते. दर वेळी निवडायचे नसेल तर सेटिंग्जमधल्या, एरवी लपवलेल्या डेव्हलपर पर्यायांमध्ये यूएसबीची कायमची निवड ठरवता येते. पण टॅबलेट अनोळखी संगणकांना जोडला जात असेल तर ते करू नका. तो ‘फक्त चार्जिंग’चा नियम सुरक्षेसाठीच आहे.

आयपॅडवर ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का?’ असा प्रश्न येतो. ‘हो’ म्हणून पासकोड द्यावा लागतो. चुकून ‘नको’ दाबले गेले असेल तर केबल काढून पुन्हा लावा, प्रश्न पुन्हा येतो. विंडोज संगणकावर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘ॲपल डिव्हाइसेस’ हे ॲप घ्या. मॅकला आयपॅड लगेच कळतो आणि ‘इमेज कॅप्चर’ या छोट्या ॲपने काम नेटके होते. उलट अँड्रॉइड टॅबलेटची भाषा मॅकला आपणहून कळत नाही, त्यासाठी ‘ओपनएमटीपी’सारखे वेगळे ॲप लागते.

ही ‘भाषा’ म्हणजे एमटीपी, मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल. ती समजून घेतली तर पुढची निम्मी कोडी सुटतात. जुनी अँड्रॉइड उपकरणे संगणकाला पेन ड्राइव्हसारखी दिसत. त्यात अडचण अशी, की संगणक ती जागा वापरत असेपर्यंत टॅबलेटला स्वतःला ती वापरता येत नसे. २०११ मध्ये खास टॅबलेटसाठी आलेल्या अँड्रॉइड ३.० पासून एमटीपी आले. यात संगणक थेट डिस्क वाचत नाही, टॅबलेटकडे एकेक फाइल मागतो आणि टॅबलेट ती देतो. म्हणून टॅबलेटला पेन ड्राइव्हसारखे ‘ई’, ‘एफ’ असे ड्राइव्हचे अक्षर मिळत नाही, नेहमीची बॅकअप सॉफ्टवेअर त्याला ओळखत नाहीत आणि हजारो फाइलींचा फोल्डर उघडायला मिनिटे लागतात. खिडकी गोठल्यासारखी दिसते तेव्हा बऱ्याचदा टॅबलेट अजून यादी करत असतो. थोडा धीर धरा.

टॅबलेट घरात अनेकांचा असतो, त्यामुळे एक गोष्ट इथे खास आहे. अँड्रॉइड टॅबलेटवर प्रत्येकाचे वेगळे खाते करता येते, आणि प्रत्येक खात्याचे फोटो वेगळ्या कप्प्यात राहतात. संगणकाला त्या घडीला उघड्या असलेल्या खात्याचेच फोटो दिसतात. मुलीच्या खात्यातले फोटो हवे असतील तर तिचे खाते उघडूनच केबल जोडावी लागते. काही कंपन्यांच्या टॅबलेटवर असणाऱ्या कुलुपाच्या, ‘सुरक्षित’ फोल्डरातले फोटोही केबलने दिसत नाहीत. ते आधी बाहेर काढावे लागतात.

टॅबलेट दिसतो, पण फोटो कमी दिसतात

टॅबलेटवर चार हजार फोटो दिसतात आणि संगणकावर नऊशेच, असे झाले तर घाबरू नका, पण त्या दिवशी काहीही पुसू नका.

आयपॅडवर याचे कारण बहुधा आयक्लाउड, म्हणजे ॲपलची इंटरनेटवरची साठवण, असते. आयक्लाउड फोटो सुरू असून ‘आयपॅडवरची जागा वाचवा’ हा पर्याय निवडलेला असेल, तर मूळ फोटो क्लाउडवर जातात आणि आयपॅडवर लहान प्रत उरते. डोळ्यांना सगळे दिसते, पण केबलने फक्त प्रत्यक्ष उतरलेले मूळ फोटोच निघतात. सेटिंग्जमध्ये ‘मूळ फोटो डाउनलोड करून ठेवा’ असे करता येते, पण ज्याची जागा आधीच संपली आहे त्या आयपॅडवर हे होणार कसे? अशा वेळी केबलचा नाद सोडा आणि संगणकावरूनच आयक्लाउडच्या संकेतस्थळावर जाऊन मूळ फोटो उतरवा.

गूगल फोटोजमध्ये ‘जागा मोकळी करा’ हे बटण असते. ते क्लाउडवर पोहोचलेल्या फोटोंच्या टॅबलेटवरच्या प्रती काढते. कोणी ते आधी दाबले असेल तर फोटो ॲपमध्ये दिसतील, फोल्डरात नसतील. यात एक मेख आहे. बॅकअपचा दर्जा ‘स्टोरेज सेव्हर’ असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान केले जातात आणि मोठे व्हिडिओही आक्रसतात. मूळ दर्जा जपायचा असेल तर आधी संगणकावर उतरवा, मगच ते बटण दाबा. क्रम उलटला तर मूळ प्रत परत मिळत नाही.

काही वेळा कारण अगदीच साधे असते. अँड्रॉइड संगणकाला फाइलींची यादी दाखवतो ती आपल्या अंतर्गत नोंदवहीतून. कालच काढलेले फोटो त्या नोंदवहीत चढले नसतील तर संगणकाला ते दिसत नाहीत. टॅबलेट बंद करून पुन्हा सुरू केला की नोंद बहुधा ताजी होते. आणि कॅमेऱ्याचे फोटो ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरात असले तरी स्क्रीनशॉट, डाउनलोड केलेली आणि रेखाटनाच्या ॲपमधली चित्रे ‘पिक्चर्स’, ‘डाउनलोड’ अशा दुसऱ्या फोल्डरांत असतात. मेमरी कार्ड असेल तर त्यावर वेगळे ‘डीसीआयएम’ असते. कित्येक जण तेच बघायचे विसरतात.

कॉपी मध्येच अडकते

आयपॅडवरून विंडोजवर कॉपी करताना ‘जोडलेले उपकरण काम करत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना येऊन काम थांबते, हा अनेकांना हैराण करणारा प्रकार आहे. केबल बदलली, संगणक बदलला, तरी तेच. २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, ॲपलची उपकरणे फोटो एचईआयसी या स्वरूपात साठवतात. विंडोजला सोपे जावे म्हणून आयपॅड प्रत्येक फोटो पाठवताना त्याचे जेपीईजी या सगळीकडे चालणाऱ्या स्वरूपात रूपांतर करत बसतो, आणि तिथे तो धापा टाकतो. सेटिंग्जमध्ये फोटोंच्या पानावर अगदी खाली ‘मॅक किंवा पीसीवर पाठवताना’ असा विभाग आहे. तिथे ‘आपोआप’ऐवजी ‘मूळ स्वरूपात ठेवा’ निवडा. नवीन आवृत्त्यांत हे पान सेटिंग्जमधल्या ‘ॲप्स’च्या यादीत गेले आहे. एवढा एक बदल केला की कॉपी बहुतेक वेळा शेवटपर्यंत जाते. फोटो एचईआयसी स्वरूपात येतात, ते बघण्यासाठी विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘एचईआयएफ’ नावाचे, हे स्वरूप उघडणारे विस्तारक घ्यावे लागू शकते. मला तर मूळ स्वरूपच जपून ठेवणे योग्य वाटते. जेपीईजी पुढे केव्हाही करता येईल.

अँड्रॉइडवर अडकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे एका दमात फार फाइली उचलणे. एमटीपी एका वेळी एकच काम करते. मध्ये तुम्ही दुसरा फोल्डर उघडलात, लघुचित्रे बघू लागलात, तर ती कामे एकमेकांच्या पायात येतात. तीनचारशे फाइलींचे गट करा, टॅबलेटची स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवा, संगणक झोपणार नाही असे बघा, आणि कॉपी चालू असताना त्या खिडकीला हात लावू नका.

कळकळीने सांगते, ‘कट’ कधीही करू नका. फक्त ‘कॉपी’. कट केलेली फाइल संगणकावर नीट पोहोचली की नाही हे तुम्ही बघण्याआधीच टॅबलेटवरून जाते. मध्ये केबल हलली तर कोणती फाइल कुठे राहिली याचा माग काढणे फार त्रासाचे होते. संगणकावरच्या फोटो ॲपमध्ये आयात करतानाही ‘आयात झाल्यावर मूळ फोटो पुसा’ असा पर्याय असतो, त्याची खूण काढून टाका.

वेग फार कमी वाटत असेल तर तो केबलचा आणि टॅबलेटचा गुण आहे. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी मिळते. टाइप-सी टोक दिसले की वेग जास्त असेलच असे नाही. अनेक टाइप-सी केबली आणि काही टॅबलेट आतून यूएसबी २.० च असतात.

पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवत असाल आणि फक्त मोठे व्हिडिओच नाकारले जात असतील, तर ती डिस्क फॅट-३२ पद्धतीने बांधलेली आहे. त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट पद्धतीने पुन्हा फॉरमॅट केली की प्रश्न मिटतो. फॉरमॅटने डिस्कवरचे सगळे जाते, तेव्हा आधी ती रिकामी करून घ्या. संगणकाशी टॅबलेटचे अजिबातच जमत नसेल तेव्हा हाच रस्ता कामी येतो. आयपॅडओएस १३ पासून फाइल्स ॲपमध्ये बाहेरची डिस्क उघडते, फोटो निवडून ‘मूळ स्वरूपात निर्यात’ करता येतात. बहुतेक अँड्रॉइड टॅबलेटही पेन ड्राइव्ह थेट वाचतात. फोटो आधी डिस्कवर आणि तिथून संगणकावर न्यायचे.

एकसारखी नावे आणि हरवलेल्या तारखा

माझे फोटो गेले ते इथे. आयपॅड फोटोंना ‘आयएमजी’ आणि चार आकडी क्रमांक देतो. ९९९९ नंतर क्रमांक पुन्हा सुरुवातीला येतो. फोटोही ‘१०० ॲपल’, ‘१०१ ॲपल’ अशा अनेक फोल्डरांत विभागलेले असतात, त्यामुळे वेगवेगळ्या फोल्डरांत एकाच नावाचे दोन वेगळे फोटो असू शकतात. अँड्रॉइडवर नावात बहुधा तारीख आणि वेळ असते, त्यामुळे तिथे धोका कमी. तरीही सगळे एकाच फोल्डरात ओतू नका. दर वेळी उतरवताना नवा फोल्डर करा आणि नावात वर्ष, महिना, तारीख या क्रमाने दिवस घाला. क्रम हाच ठेवला की फोल्डर आपोआप काळानुसार लागतात. नव्या फोल्डरात नावे आपटण्याची शक्यता फार कमी होते. तरीही संगणकाने ‘बदलू की वगळू’ असे विचारलेच, तर तिसरा पर्याय, ‘दोन्ही ठेवा’, तोच निवडा. एकच फोटो दोनदा राहिला तर फार बिघडत नाही.

आयपॅडच्या फोल्डरात एका फोटोसोबत त्याच नावाची एमओव्ही फाइल दिसते, ती लाइव्ह फोटोतली हालचाल. एएई नावाची इवलीशी फाइल दिसते, तिच्यात तुम्ही फोटोवर केलेल्या बदलांची नोंद असते. निरुपयोगी समजून त्या काढू नका. जोडी एकत्रच राहू द्या.

कॉपी केल्यावर सगळ्या फोटोंवर आजचीच तारीख दिसते, अशीही तक्रार असते. ती फाइलची तारीख आहे. फोटो काढल्याची तारीख फोटोच्या आत एक्झिफ नोंदीत असते आणि कॉपी केल्याने ती बदलत नाही. विंडोजमध्ये यादीच्या शीर्षकावर उजवी टिचकी मारून ‘फोटो काढल्याची तारीख’ हा रकाना उघडा आणि त्यानुसार क्रम लावा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंतून मात्र ही नोंद गाळली गेलेली असते. त्यांच्या नावातली तारीख तेवढी उरते, म्हणून त्यांची नावे बदलू नका.

पुसण्याआधी

दोन्ही बाजूंच्या फाइलींची संख्या जुळवा. मग एकूण आकार जुळवा, पण जीबीत नको, बाइटमध्ये. टॅबलेट १००० च्या हिशेबाने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून टॅबलेटवरचे १० जीबी विंडोजवर ९.३ च दिसतात आणि उगाच धडकी भरते. फोल्डरच्या गुणधर्मात बाइटचा पूर्ण आकडा मिळतो.

मग संगणकावरच्या फाइली आकारानुसार लावा. शून्य बाइटची किंवा संशयास्पद लहान फाइल असेल तर ती लगेच वर येते. सर्वांत मोठा व्हिडिओ उघडा आणि सरकपट्टी अगदी शेवटाकडे नेऊन बघा. अर्धवट उतरलेला व्हिडिओ सुरुवातीला बरा दिसतो किंवा उघडतच नाही. सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे पाचसहा फोटो पूर्ण पडद्यावर बघा, कारण लघुचित्र ठीक दिसणे म्हणजे फोटो ठीक असणे नव्हे. याला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे मी तेव्हा दिली असती तर ते फोटो आज असते.

ज्यांना आज्ञा लिहून काम करायची सवय आहे त्यांनी अँड्रॉइडसाठी एडीबी हे, संगणकावरून आज्ञा देऊन टॅबलेट हाताळायचे साधन वापरावे. त्याची ‘पुल’ आज्ञा एमटीपीपेक्षा कितीतरी भरवशाने पूर्ण फोल्डर खेचते, आणि योग्य पर्याय दिला तर फाइलींच्या तारखाही राखते.

आणि दुसरी प्रत. टॅबलेटवरून पुसल्याक्षणी संगणकावरची प्रत हीच एकमेव प्रत होते, आणि एकच प्रत असेल तर तो बॅकअप नव्हेच. डिस्क बंद पडली की सगळे गेले. पुसण्याआधी तोच फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क संगणकापासून काढून ठेवा. संगणकाचा ‘पिक्चर्स’ फोल्डर वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी जोडलेला आहे का तेही बघा. जोडलेला असेल तर तुम्ही टाकलेले सगळे क्लाउडवर चढू लागते, ५ जीबीची मोफत जागा भरते आणि वेगळ्याच सूचना सुरू होतात.

पुसले, तरी जागा झाली नाही

कारण फोटो गेलेलेच नाहीत. आयपॅडवर ते ‘नुकतेच पुसलेले’ या अल्बममध्ये ३० दिवस राहतात. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस आणि न झालेले, अँड्रॉइड ११ पासून पुढे, ३० दिवस राहतात. तेवढे दिवस ते टॅबलेटवर जागा धरूनच असतात. अँड्रॉइडवर तर अनेकदा ते त्याच फोल्डरात ‘ट्रॅश्ड’ अशा उपसर्गाने लपून बसतात आणि कधी कधी कॉपी करताना संगणकावरही येतात. फाइलींची संख्या जुळत नसेल तर हेही एक कारण असू शकते.

दुसरे कारण फक्त आयपॅडवरचे. पूर्वी कधी संगणकावरून आयपॅडवर अल्बम सिंक केले असतील, तर त्या फोटोंना पुसायचे बटणच मिळत नाही. ते संगणकावर सिंक बंद करूनच जातात.

पुसताना सर्वांत मोठा धोका क्लाउडचा. आयक्लाउड फोटो सुरू असताना आयपॅडवरून पुसलेला फोटो क्लाउडवरून आणि त्याच खात्याच्या फोनवरूनही जातो. गूगल फोटोज ॲपमधून साधे ‘डिलीट’ केले तर बॅकअप झालेला फोटो क्लाउडवरूनही जातो. क्लाउडवरचे राखून फक्त टॅबलेटवरची प्रत काढायची असेल तर गूगल फोटोजमध्ये ‘या उपकरणावरून काढा’ किंवा ‘जागा मोकळी करा’ हेच वापरा. आयक्लाउडवर असे एकेका फोटोसाठी करता येत नाही, तिथे ‘जागा वाचवा’ पर्यायच निवडावा लागतो. घरातल्या दोघांच्या उपकरणांवर एकच खाते असेल तर पुसण्याआधी दुसऱ्याला विचारा. माझ्या भावाच्या फोनवरून त्याच्या मुलाचे फोटो असेच गेले होते. ट्रॅशची मुदत संपली नव्हती म्हणून परत मिळाले.

पुढच्या वेळी अडू नये म्हणून

आता मी आज उतरवलेले फोटो आज पुसत नाही. आज पुसते ते मागच्या वेळी उतरवलेले. महिन्यातून एकदा टॅबलेट जोडते, नवे फोटो त्या दिवसाच्या फोल्डरात घेते, तपासते, बाहेरच्या डिस्कवर दुसरी प्रत करते. मग मागच्या महिन्याचा फोल्डर संगणकावर उघडून बघते आणि तेवढेच फोटो टॅबलेटवरून काढते. मध्ये गेलेल्या महिन्यात काही गडबड झाली असेल तर टॅबलेटवर ते फोटो अजून असतात. यासाठी टॅबलेटवर दोन महिन्यांच्या फोटोंएवढी जागा हाताशी हवी. आज टॅबलेट गच्च असेल तर पहिल्या खेपेला तपासलेले व्हिडिओ तेवढे काढा, म्हणजे एवढी जागा होते.

आणि खूण. फोटोंच्या मुख्य फोल्डरात एक साधी मजकूर-फाइल ठेवली आहे. दर महिन्याला तिच्यात एक ओळ वाढते: कोणाचा टॅबलेट, कोणत्या तारखेच्या कोणत्या फोटोपर्यंत उतरवले, किती फाइली, किती बाइट, दुसरी प्रत झाली का, टॅबलेटवरून कुठपर्यंत पुसले. आईच्या टॅबलेटच्या ओळी आता दोन पानांवर गेल्या आहेत. मागच्या रविवारी मला जमणार नव्हते, तेव्हा भाच्याने तीच फाइल उघडली, शेवटची ओळ वाचली आणि मला काही न विचारता पुढची ओळ लिहिली.